पूर, छावणी आणि पिण्याचे पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात पाणी शिरले, शाळेत छावणी सुरू झाली, की पहिल्या दोन दिवसांत जे प्रश्न हमखास कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक वेळा सरपंच, मंडळाची पोरे, छावणीची किल्ली हातात पडलेले मुख्याध्यापक किंवा पूर ओसरल्यावर घर धुवायला निघालेल्या घरच्या बायका असतात. उदाहरणे बरीचशी कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातली आहेत. जिथे जगातल्या दुसऱ्या ठिकाणाहून शिकण्यासारखे आहे तिथे तेही घेतले आहे.

चारी बाजूंनी पाणी असताना पाण्याची टंचाई कशी होते?

कारण शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रे नदीच्या काठावरच असतात आणि पुरात सगळ्यांत आधी तीच बुडतात. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि ज्या घरांच्या उंबऱ्याला पुराचे पाणी शिवलेही नव्हते तिथले नळसुद्धा कित्येक दिवस कोरडे राहिले. जुलै २०२१ मध्ये पातळी त्याहून वर, ५६ फुटांच्या पुढे गेली आणि तीच गोष्ट पुन्हा घडली. पूर ओसरला म्हणून पंप लगेच चालू होत नाही. मोटारी वर काढायच्या, वाळवायच्या, पॅनेल बदलायचे, जलवाहिनीतला गाळ बाहेर सोडायचा, यात दिवस जातात. म्हणून 'पाणी उतरले की नळ येईल' या भरवशावर राहू नका. उतरल्यानंतरही निदान आठवडाभर टँकरचे पाणी प्यावे लागेल असे धरून चाला.

माणशी किती पाणी लागते?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवून दिले. त्यांत पिण्यासाठी माणशी रोज किमान ३ लिटर आणि संडास-अंघोळीसाठी किमान १५ लिटर पाणी सांगितले आहे. जगभरच्या मदतकार्यात वापरला जाणारा स्फिअर निकष सगळे मिळून माणशी किमान १५ लिटर धरतो.

हिशेब करून पाहा. शाळेत ३०० माणसे आहेत. पिण्याचे ९०० लिटर आणि वापरायचे ४,५०० लिटर, म्हणजे रोजचे ५,४०० लिटर. दहा हजारांचा टँकर दोन दिवसांना पुरत नाही. त्यातही शाळेच्या गच्चीवर हजार लिटरच्या दोनच टाक्या असतील, तर टँकर दारात उभा राहून उपयोग काय? साठवायची सोय आधी बघा, टँकरची मागणी मग करा. हा घोळ जवळपास प्रत्येक छावणीत होतो.

दुसरा आकडा रांगेचा. एका नळावर साधारण अडीचशेपेक्षा जास्त माणसे अवलंबून नसावीत आणि रांगेत अर्ध्या तासाहून जास्त थांबावे लागू नये. रांग लांबली की बायका सरळ पुराच्या पाण्यात भांडी घासायला बसतात. त्यांना दोष देता येत नाही.

हे आकडे कुणी ठरवले? आपल्याकडे कशाला लागू करायचे?

जुलै १९९४ मध्ये रवांडातल्या नरसंहारानंतर लाखो लोक सीमा ओलांडून काँगोतल्या (तेव्हाच्या झैरेमधल्या) गोमा शहराभोवती येऊन पडले. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची. तिच्यात संडासासाठी खड्डा खणता येईना. पाणी होते ते जवळच्या किवू तलावाचे, आणि त्याच्याच काठावर सगळे उरकले जात होते. पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसे मेली. बहुतेकांचा जीव पटकी आणि रक्ती आवेने घेतला. मदत करणाऱ्या संस्था तिथे डझनांनी होत्या, पण किती पाणी म्हणजे पुरेसे आणि किती संडास म्हणजे पुरेसे यावर त्यांचे एकमत नव्हते. असे आकडे ठरवण्यासाठी १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला, त्यामागे हा अनुभव होता.

लागू का करायचे, तर माणसाचे आतडे सगळीकडे सारखेच असते म्हणून. शिवाय आकडा हातात असला की तहसीलदारांपुढे नुसते 'पाणी कमी पडतंय' म्हणावे लागत नाही, 'रोज ५,४०० लिटर लागतंय, ३,००० येतंय' असे सांगता येते. त्या बोलण्याला वजन येते.

पुण्या-मुंबईहून बाटलीबंद पाण्याचे ट्रक मागवावेत का?

पहिल्या दिवशी, वाट तुटलेल्या ठिकाणी, होडीतून न्यायला बाटल्या चांगल्या. त्यानंतर नको. तीनशे माणसांच्या फक्त पिण्याच्या पाण्याला रोज नऊशे बाटल्या लागतात. त्यांनी ना अंघोळ होते, ना संडासला पाणी मिळते, ना हात धुतले जातात. रिकाम्या बाटल्या गटारात जातात आणि ओसरायला लागलेले पाणी तुंबते. त्याच पैशात टाक्या, झाकणाच्या बादल्या, तोट्या आणि टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) येते. बाटल्यांच्या ट्रकवर बॅनर लावता येतो, टीसीएलच्या पिंपावर लावता येत नाही, इतकाच काय तो फरक.

टीसीएल पावडर नेमकी किती टाकायची?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि अंदाजपंचे उरकला जाणारा प्रश्न.

चांगल्या प्रतीची ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर १,००० लिटर पाण्याला सुमारे २.५ ग्रॅम. दहा हजारांच्या टँकरला २५ ग्रॅम. पुरानंतर पाणी जास्त दूषित असते, त्यामुळे बहुतेक वेळा मात्रा दुप्पट करावी लागते. ती पुरली की नाही हे चाचणी सांगते. तिच्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

विहिरीचे पाणी लिटरमध्ये असे काढा: व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला पुन्हा व्यासाने गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ ने गुणा. खोली मोजायला दोरीला दगड बांधून सोडला की काम होते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ३ × ३ × ४ × ७८५ म्हणजे २८,२६० लिटर. नेहमीची मात्रा ७० ग्रॅमच्या आसपास, दुप्पट केली तर सुमारे १४० ग्रॅम.

पावडर कोरडीच पाण्यात भिरकावू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. खाली पांढरा चुना बसतो, वर निवळ पाणी राहते. क्लोरीन त्या निवळ पाण्यात असतो. ते दुसऱ्या बादलीत ओतून घ्या, बादली दोरीने विहिरीत पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, गोल अशी हिसडे देऊन मिसळा. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. विहिरीला तासभर विश्रांती द्या. टाकी किंवा टँकरला निदान अर्धा तास. टँकरमध्ये भरतानाच द्रावण ओतले तर वाटेतल्या हिंदकळण्याने ते आपोआप मिसळते.

हातात रबरी मोजे, नाकाला रुमाल. धातूचे भांडे नको. संडास धुवायच्या ॲसिडजवळ टीसीएल चुकूनही नेऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

आता पावडरीबद्दल. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो. आपल्याकडे आरोग्य विभाग २० टक्क्यांपेक्षा कमी क्लोरीनची टीसीएल निकृष्ट धरतो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गेल्या पावसाळ्यापासून पडलेले, गोळे झालेले पोते म्हणजे जवळपास नुसता चुना. ते टाकून 'शुद्धीकरण केले' अशी नोंद करता येते, पाणी मात्र शुद्ध होत नाही. उघडल्यावर डोळ्यांत झोंबणारा वास आला नाही तर ते पोते वापरू नका, नवे मागवा.

पाण्यात क्लोरीन पुरेसा आहे हे ओळखायचे कसे?

ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करा. पेटीत एक छोटी काचनळी, ओटी द्रावणाची बाटली आणि रंगांची पट्टी असते. नळी पाण्याने खुणेपर्यंत भरायची, थेंब टाकायचे, हलवायचे आणि लगेच रंग ताडून पाहायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे. फिका पिवळा म्हणजे थोडा, गडद म्हणजे जास्त. रंगच आला नाही तर पाणी तसेच्या तसे आहे. हल्ली डीपीडी गोळ्यांच्या पेट्याही मिळतात. त्यांत रंग गुलाबी येतो आणि मोजणी जास्त नेमकी होते. एरवी नळाच्या पाण्यात लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन पुरतो. साथीच्या आणि पुराच्या काळात तो ०.५ ठेवतात.

टेस्ट कुठे करायची, हे रंगापेक्षा महत्त्वाचे आहे. जलसुरक्षक (गावाच्या पाण्याची देखरेख करणारा ग्रामपंचायतीचा माणूस) टाकीजवळच्या पहिल्या नळावर टेस्ट करतो, पिवळा रंग येतो, रजिस्टर भरले जाते. पण पाणी गावाच्या शेवटच्या नळापर्यंत, तिथून हंड्यात आणि हंड्यातून पेल्यात जाते. टेस्ट त्या शेवटच्या घरातल्या हंड्याची करा. छावणीत तर थेट पिण्याच्या पिंपाची, तीही दुपारी, सकाळी भरलेल्या पिंपावर. तिथे पिवळा आला तरच गावाचे पाणी सुरक्षित म्हणायचे.

पाण्याच्या सुरक्षिततेबद्दल ग्रामपंचायतीला मिळालेले हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड पुराच्या दिवसांत बघूच नका. ते कोरड्या दिवसांतल्या सर्वेक्षणावर दिलेले असते.

पाणी चहासारखे गढूळ आहे. त्यातच क्लोरीन टाकला तर?

वाया जाईल. गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. आधी तुरटी. खडा पाण्यात काही वेळ गोल फिरवा, मग भांडे न हलवता अर्धा-एक तास ठेवा. गाळ गोळा होऊन तळाला बसला की वरचे पाणी दुहेरी-चौपदरी सुती कापडातून गाळून घ्या आणि मग क्लोरीन. खडा फार फिरवला तर पाणी तुरट लागते आणि मुले ते पीत नाहीत. जुन्या लोकांना निवळीच्या बिया माहीत असतील. त्यांनीही गाळ बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. तुरटीनेही मरत नाहीत. 'स्वच्छ दिसतंय' म्हणून तुरटीवरच थांबणारी घरे पुष्कळ आहेत.

उकळलेले चांगले की मेडिक्लोर (क्लोरीनचे बाटलीतले द्रावण) की क्लोरीनच्या गोळ्या?

उकळण्याइतके खात्रीचे दुसरे काही नाही. पाण्याला खळखळून उकळी आली आणि ती मिनिटभर टिकली की जंतू मेले. वीस मिनिटे उकळत ठेवायची गरज नाही. पुरात मिनिटभराच्या उकळीलाही सिलिंडर पुरत नाही आणि सरपण ओले असते ही खरी अडचण. म्हणून उकळलेले पाणी तान्ही मुले, गरोदर बायका आणि आजारी माणसांसाठी राखून ठेवा, बाकीच्यांना क्लोरीनचे द्या. उकळलेल्या पाण्यात जंतूंना रोखणारे काही शिल्लक राहत नाही. कुणी बोटे बुडवली की ते पुन्हा दूषित. क्लोरीन थोडा वेळ तरी पहारा देतो.

मेडिक्लोर किंवा गोळ्यांची मात्रा पाकिटावर असेल तीच घ्या. गोळ्या वेगवेगळ्या ताकदीच्या येतात. एक गोळी पाच लिटरची असते, दुसरी वीस लिटरची, आणि मदतीच्या ढिगाऱ्यात दोन्ही मिसळून येतात. वाटताना पाकीट फाडून सुट्या गोळ्या देऊ नका.

आमच्याकडे आरओ आहे. मग?

वीज आहे का? आणि यंत्र पुरात बुडाले होते का? पहिल्याचे उत्तर नाही किंवा दुसऱ्याचे हो असेल तर ते तूर्त विसरा.

घरात पाणी कसे ठेवायचे?

झाकून, उंचावर आणि हात न बुडवता. ओगराळे वापरा किंवा तोटीचे पिंप घ्या. शुद्ध करून दिलेले पाणी घरातल्या हंड्यातच सगळ्यांत जास्त बिघडते. पुरात भिजलेले माठ आणि रांजण आधी घासून, टीसीएलच्या पाण्याने विसळून मगच भरा.

विहीर पुरात बुडाली होती. कधी प्यायची?

पाणी ओसरून आजूबाजूची जमीन जरा निथळू द्या. लगेच पूर्ण उपसू नका. बाहेरच्या ओल्या मातीचा दाब आत आला तर जुने दगडी बांधकाम ढासळते. निथळल्यावर उपसा, तळाचा गाळ काढा, कठडा आणि भिंती घासा. मग नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट क्लोरीन टाकून रात्रभर ठेवायचे असते. ही मोठी मात्रा आरोग्य केंद्राकडून किंवा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडून ठरवून घ्या. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाका, नव्याने आलेल्या पाण्यावर नेहमीची मात्रा द्या आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा. अहवाल येईपर्यंत ते पाणी धुण्याभांड्याला.

हातपंपाचेही तसेच. बुडाला असेल तर दुरुस्ती पथक क्लोरीन सोडून देईपर्यंत त्याच्या दांड्याला लाल फडके बांधून ठेवा.

छावणीत संडास किती हवेत आणि कुठे?

राष्ट्रीय निकष ३० माणसांमागे एक सांगतो, स्फिअर २० माणसांमागे एक. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक चालवून घेतात. तीनशेंच्या छावणीत राष्ट्रीय निकषाने म्हणजे किमान दहा. आपल्या बहुतेक शाळांत मुलींचे दोन, मुलांचे दोन आणि शिक्षकांचा एक कुलूपबंद असतो. कुलूप आधी उघडा. उरलेले फिरते संडास नगरपालिकेकडे मागा. वारीच्या मार्गावर हीच सोय केली जाते, तेव्हा ती आपल्याला नवी नाही.

छावणीपासून अंतर ५० मीटरच्या आत हवे, विहीर-बोअरपासून मात्र निदान ३० मीटर लांब. खड्ड्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा दीड मीटर वर हवा. पूरपट्ट्यात पावसाळ्यात हे जमतच नाही, हात-दीड हात खणले की पाणी लागते. अशा ठिकाणी खड्डा खणायचा हट्ट सोडून टाकीचा किंवा चौथऱ्यावर उंच बांधलेला संडास लावावा. २०१७ मध्ये म्यानमारमधून सुमारे सात लाख रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारला आले तेव्हा घाईघाईत उथळ खड्ड्यांचे संडास उभे राहिले, तेही कूपनलिकांना खेटून. पुढे ते भरले, आणि मैला उपसून न्यायला वाट ठेवलेली नव्हती.

फक्त मोजणी करून भागत नाही. मापात बसणारे दहाच्या दहा संडास बायका वापरत नसतील तर ते नसल्यासारखेच. आतून कडी हवी. दिवा हवा, आत आणि वाटेवरही. बायकांचा आणि पुरुषांचा भाग एकमेकांसमोर नको, आणि बायकांचे संडास जास्त हवेत. स्फिअर तीनास एक असे प्रमाण सुचवतो. हे नसले की बायका काय करतात ते प्रत्येक छावणीत दिसते: दुपारनंतर पाणी प्यायचे सोडतात, अंधार पडायची वाट बघतात आणि दोघी-तिघी मिळून मैदानामागे जातात. मग लघवीची जळजळ सुरू होते, आणि पावसात सापाची भीती असतेच. जागा ठरवताना दोन बायकांना सोबत घेऊन फिरा. दहा मिनिटांत त्या सांगतील की कुठला संडास वापरला जाणार नाही आणि का.

रोज कोण धुणार हेही पहिल्याच दिवशी ठरवा, आणि त्याचा मोबदला द्या.

पाळीचे काय?

पॅड आणि कापड दोन्ही ठेवा, निवड तिची. सोबत आतले कपडे, साबण, दोरी, चिमटे आणि झाकणाची छोटी बादली. बंद पडदा असलेली धुण्याची आणि वाळवण्याची जागा नसेल तर कापड अंथरुणाखाली ओलेच राहते. वापरलेले पॅड संडासात टाकले की तो तुंबतो, म्हणून आत झाकणाचा डबा हवाच. वाटप आशाताईंच्या हातून, वर्गखोलीत, दार लावून करा. ट्रकवरून माईकवर नाव पुकारून नको.

साबणाचे पाकीट नको म्हणणारे लोक आहेत. हात धुण्याने खरेच फरक पडतो?

पडतो. साबणाने हात धुतल्याने जुलाबाचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटते असे अभ्यासांतून दिसले आहे. पण संडासाबाहेर साबण आणि पाणी एकत्र ठेवलेले असेल तरच लोक धुतात. भाषणापेक्षा तोटीचे पिंप आणि दोरीला टांगलेला साबण जास्त काम करतो. साबण संपला तर चुलीची राख चालते, माती नको.

सेप्टिक टाकी भरून अंगणात वाहतेय. लगेच उपसू का?

जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते किंवा तिच्या भिंती आत येऊ शकतात. त्यामुळे थोडे थांबा आणि तोवर तो संडास बंद ठेवा. उपसायचे तेव्हा सक्शन गाडीनेच. टाकीत माणूस उतरवू नका. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असे काम करून घेणे गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने जीव जायला काही मिनिटे पुरतात. पुरानंतर सफाईला बाहेरून पथके येतात, त्यांच्यासाठी गमबूट, मोजे, आणि संध्याकाळी गरम पाण्याची अंघोळ गावाने बघावी. हार-तुरे नंतर.

रस्त्याच्या कडेला पांढरी पावडर टाकतात, तिचा उपयोग होतो का?

फारसा नाही. चिखलावर आणि कचऱ्यावर भुरभुरलेली पावडर काही मिनिटांत निष्प्रभ होते. लोकांना 'काम चालू आहे' असे दिसते, एवढाच तिचा परिणाम. तीच टीसीएल पाण्याच्या टाकीत गेली असती तर कित्येक पट काम झाले असते. साठा मोजका असताना गावातल्या नेत्यांच्या समाधानासाठी तो रस्त्यावर उधळणे मला तरी पटत नाही.

मेलेली जनावरे मात्र लवकर उचला. पाण्याच्या स्रोतापासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. पशुवैद्यकीय विभागाला कळवा, नुकसान भरपाईसाठी पंचनामा लागतो. माणसांचे मृतदेह सापडले म्हणून साथ पसरते ही समजूत चुकीची आहे. पुरात बुडून गेलेल्या माणसाला संसर्गाचा आजार नसतो. त्या भीतीपोटी ओळख न पटवता घाईने अंत्यविधी उरकू नयेत. घरच्यांवर तो अन्याय होतो.

पूर ओसरून पंधरा दिवस झाले, कुणी आजारी नाही. सुटलो म्हणायचे का?

अजून नाही. आजारांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. पटकी आणि जुलाब काही तासांत किंवा चार-पाच दिवसांत दिसतात. लेप्टोस्पायरोसिस साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी. डेंग्यू साठलेल्या पाण्यात डास वाढल्यावर. आणि कावीळ सगळ्यांत उशिरा, दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत, म्हणजे मदतीचे तंबू गेल्यावर. हेपॅटायटिस ई (दूषित पाण्यातून होणारी कावीळ) गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झाला तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पुराविना, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने. गणपती झाले की क्लोरीन बंद, असे करू नका. निदान दोन-अडीच महिने ओटी टेस्ट चालू ठेवा.

आणि बाहेरून येणाऱ्यांचा मैलाही आपलीच जबाबदारी असते. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर काही महिन्यांनी पटकी आली, ती संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला नदीत गेल्याने. जवळपास दहा हजार माणसे मेली. मदतपथकांचे संडास कुठे रिकामे होतात हे विचारायला लाजू नका.

जुलाब सुरू झाले तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचे?

ओआरएस, लगेच. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट-घोट, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. तान्ह्याचे अंगावरचे दूध चालू ठेवा. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस, आरोग्य केंद्रात मिळतात. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, लघवी बंद अशी लक्षणे असतील तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

या साध्या पाण्याची ताकद पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली ती एका निर्वासित छावणीतच. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकीचे इतके रोगी आले की सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाची पिंपे भरून ठेवली आणि नातेवाइकांनाच पाजायला लावले. ३० टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

चिखल काढायचा आहे. लेप्टोची गोळी घ्यावी का?

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाठोपाठ लेप्टोची साथ आली, तेव्हापासून हे नाव सगळ्यांना माहीत झाले. उंदीर आणि गुरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतो आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतो. गमबूट घाला, जखमेवर पाणी लागणार नाही अशी पट्टी लावा, काम संपले की साबणाने पाय धुवा. लेप्टोची गोळी म्हणजे डॉक्सिसायक्लिन. ती कुणी, किती, केव्हा घ्यायची हे डॉक्टर ठरवतील. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती देत नाहीत. पुराच्या पाण्यात वावरून आल्यावर ताप, पिंढऱ्यांत वेदना, डोळे लाल असे झाले तर डॉक्टरांना 'चिखलात काम केलंय' हे स्वतःहून सांगा.

छावणीत म्हशी आणल्या आहेत. त्यांना हाकलायचे का?

हाकलाल तर मालकही जातील, पुन्हा पुरात. करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरांसकटच बाहेर पडतात, आणि कितीतरी लोक केवळ गोठ्यासाठी शेवटपर्यंत घर सोडत नाहीत. मोठ्या जनावराला रोज निदान २० ते ३० लिटर पाणी धरा, दुभत्या म्हशीला त्याहून बरेच जास्त. त्यांची दावण पिण्याच्या टाकीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला ठेवा. जनावरांना क्लोरीनचे पाणी लागत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी टाकी करा. नाहीतर पिण्याचे पाणी दुपारीच संपते आणि भांडणे लागतात.

हे सगळे पुराचे झाले. दुष्काळात?

निकष तेच, अडचण उलटी. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, पुढे एका गाडीत पंचवीस लाखांपर्यंत. त्याआधी मार्चमध्ये टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावावे लागले होते. पाणी कमी पडले की लोक पिण्यात कपात करत नाहीत, अंघोळीत आणि हात धुण्यात करतात. म्हणून दुष्काळात खरूज, डोळे येणे आणि जुलाब वाढतात. त्या दिवसांत साबण वाटण्याइतकाच वापरायच्या पाण्याचा आकडा लावून धरणे गरजेचे आहे.

बाहेरगावी आहे, मदत पाठवायची आहे. काय पाठवू?

जुने कपडे नकोत, ते रस्त्यावर कुजतात. विचारून पाठवा. बहुतेक वेळा उत्तर हे असते: झाकणाच्या १५-२० लिटरच्या बादल्या (घरटी दोन), तोटीची पिंपे, अंघोळीचा आणि कपड्यांचा साबण, ओगराळी, ओटी टेस्टच्या पेट्या, गमबूट, रबरी मोजे, फावडी, बॅटऱ्या. ओटीची पेटी कुणाच्याच यादीत नसते, म्हणून ती मुद्दाम पाठवा.

कुठे फोन करायचा?

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्य नियंत्रण कक्ष १०७०, रुग्णवाहिका १०८, आरोग्य सल्ला १०४. पाण्याची तक्रार करताना गाव, माणसांची संख्या, रोज येणारे लिटर आणि शेवटच्या ओटी टेस्टचा रंग सांगा. टँकर येणार म्हणाले तर चालकाचा नंबर मागून घ्या.